राजाची थरथरती रेघ

आर्थर राजाची दंतकथा तशी कुणाच्या बापाची नाही. दगडात रुतलेली तलवार, ती उपसून काढणारा पोरगा, गोल मेजाभोवती बसणारे सरदार, आणि शेवटी जखमी होऊन पाण्यावरून निघून गेलेला, एक दिवस म्हणे परत येणारा राजा. ज्याला हवी त्याने ती घ्यावी आणि आपल्या परीने सांगावी. दादाने ती घेतली आणि थेट अंतराळात नेऊन ठेवली. त्याच्या चित्रकथेत पृथ्वी केव्हाच राहण्याजोगी उरलेली नाही. उरलीसुरली माणसं एका अवाढव्य फिरत्या चाकात राहतात. त्या चाकाच्या नवव्या कक्षेत, म्हणजे जिथे पंप दुरुस्त करणाऱ्यांची वस्ती आहे तिथे, एक पोरगा थंड पडलेल्या अणुभट्टीत रुतलेली तलवार उपसतो. तलवार म्हणजे खरं तर भट्टीची किल्ली. ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात चाकातला उजेड, हवा आणि पाणी. मालिकेचं नाव 'नवव्या कक्षेचा राजा'. दंतकथेतल्या जादूगाराच्या जागी दादाने एक जुना, खडखडणारा संगणक बसवला होता. त्याला उद्याचं सगळं आठवायचं आणि कालचं काही म्हणता काही आठवायचं नाही. वाचक त्या संगणकावर जीव टाकायचे. वहिनी म्हणायची, यात कल्पनाशक्ती कसली, घरच्या आरशात बघून काढलाय.

दादा पेन्सिलीने काढायचा आणि त्याची धाकटी बहीण त्यावरून शाई फिरवायची. तिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणायचे, केस पिकायला लागले तरी. शाई फिरवणं हे गिरवण्याचं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी दादाचं एक पान बघायला हवं होतं. दादाची पेन्सिल म्हणजे नुसता दंगा. एका दंडाला चार चार रेघा, एका नाकाची तीन टोकं, आणि त्यावर कोपराने पुसलेलं निराळंच. त्यातली खरी रेघ कुठली ते धाकटीने ठरवायचं, ती ब्रशच्या एका दमात ओढायची, शाई वाळली की खोडरबर फिरवून बाकीचा पसारा नाहीसा करायचा. दादाची रेघ जिथे डळमळायची तिथे तिची सरळ जायची. त्याचा घोडा लंगडायचा, हिचा दौडायचा. संपादक चारचौघांत म्हणायचा, रेघ म्हणावी तर धाकटीची, आणि दादा मिशीत हसून म्हणायचा, मग मी काय फक्त कागद मळवतो की काय.

मग एके सकाळी दादा दात घासता घासता न्हाणीतच खाली बसला आणि त्याला उठता येईना.

दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय त्याचे राहिले नव्हते. तोंड उजवीकडे खाली ओघळलं होतं, त्या बाजूचा डोळा अर्धा मिटलेला. वाचा गेली. गेली म्हणजे एक शब्द सोडून सगळी गेली, आणि उरलेला शब्द कुठला, तर 'उद्या'. पाणी हवं, उद्या. उशी नीट कर, उद्या. राग आला, उद्या. आयुष्यभर ज्या माणसाने संपादकाला दर महिन्याला हा एकच शब्द ऐकवला, त्याच्याकडे देवाने नेमका तोच ठेवावा. पहिल्या दिवशी वहिनी हे ऐकून हसली, आणि हसता हसता स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली.

शेवटच्या अंकाची आठ पानं राहिली होती. मालिका संपणार हे जाहीर झालं होतं, वाचक वाट बघत होते. प्रकाशनाचा नियम असा, की चित्रकार आडवा झाला तर मालिका दुसऱ्याच्या हाती द्यायची. दुसरा कोण तेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या चित्रातली माणसं नुकतीच तेल लावून पुसल्यासारखी दिसायची, म्हणून घरात त्याचं नाव चकचकीत पडलं होतं. चकचकीतला प्रकाशनाने शेवट सांगून ठेवलेला होता. राजा बरा होणार, झगझगीत चिलखतात दारातून मागे वळून बघणार, म्हणजे पुढेमागे नवी मालिका काढायला वाट मोकळी. दादाला या शेवटाची चीड होती. आजारी पडायच्या आधी तो धाकटीला एवढंच बोलला होता, की माझा राजा जाणार आणि परत येणार नाही, आणि शेवटच्या पानावर त्याच्याशिवाय कुणी नसेल. याहून जास्त तो सांगत नसे. त्याच्या गोष्टी कागदावर उतरेपर्यंत त्याच्या पोटातच असायच्या.

तेव्हा संपादकाचा फोन आला आणि धाकटीने खोटं सांगितलं. म्हणाली, दादाचं मनगट मुरगळलंय, पानं चालू आहेत. पुढच्या फोनला म्हणाली, दादा झोपलाय. संपादकाने भेटायला येतो म्हटल्यावर म्हणाली, घरात रंगकाम काढलंय, पाय ठेवायला जागा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला समजावत होती. वहिनीचं म्हणणं, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पण वहिनीनेही कुणाला काही सांगितलं नाही. दोघींच्याही मनात एकच भीती होती, ती बोलून दाखवायची हिंमत एकीलाही नव्हती. हा माणूस आता या आठ पानांसाठी जगतोय. ती हातची गेली, तर हा उरायचा नाही.

सात पानं धाकटीने जुन्या अंकांतून उभी केली. खाली दिवा असलेल्या काचेवर जुनं पान ठेवायचं, वर कोरा कागद, आणि हवं ते उचलायचं. एका अंकातून राजाचा खांदा, दुसऱ्यातून सरदाराची पाठ, तिसऱ्यातून बंद पडत चाललेला संगणक. गोधडी शिवावी तशी तिने पानं शिवली. दादा पलंगावर उशांना टेकून बघायचा, चुकलं की डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर टकटक करायचा. सातव्या पानावर जखमी राजा शेवटच्या उरलेल्या सरदाराला म्हणतो, तलवार भट्टीच्या शीतकुंडातल्या पाण्यात फेकून ये, म्हणजे माझ्यामागे कुणी उजेडाचा मालक होणार नाही. सरदाराला तलवारीचा मोह सुटत नाही. तो ती पाइपांमागे लपवून येतो आणि सांगतो, फेकली. राजा विचारतो, काय दिसलं. सरदार म्हणतो, काही नाही, नुसत्या लाटा. असं दोनदा होतं आणि दोन्ही वेळा राजाला कळतं. सरदाराचं खोटं बोलणारं तोंड काढताना धाकटीला जुन्या अंकात शोधायची गरज पडली नाही. फोनजवळच्या आरशात ते तिला रोज दिसत होतं.

आठव्या पानाला मात्र जुनं काही चालेना. तसा थकलेला राजा आजवरच्या एकाही अंकात नव्हता. ती तीनदा जोडाजोडी करून घेऊन गेली, दादाने तिन्ही वेळा टकटक केली. मग त्याने डावा हात पुढे केला आणि पेन्सिल मागितली.

ते पान काढताना त्याला बघणं ही शिक्षा होती. डाव्या हाताची मूठ करून तो पेन्सिल धरायचा, सुरी धरावी तशी. चाकाच्या भिंतींच्या सरळ रेघा काढायला पट्टी हलू नये म्हणून तो डाव्या हाताने आपला निर्जीव उजवा हात उचलायचा आणि वजनासारखा पट्टीवर ठेवायचा. जीभ दातांत, कपाळावर घाम. दोन बोटं लांबीची रेघ झाली की डोळे मिटून पडून राहायचा. वहिनी म्हणाली, पुरे करा आता, जीव जाईल. तो म्हणाला, उद्या. राजाच्या चेहऱ्यापाशी तर त्याने कहर केला. काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा, इतकं की कागदाला लव आली. शेवटी एका दुपारी त्याने पेन्सिल खाली ठेवली, पान धाकटीकडे सरकवलं आणि लहान मुलासारखा झोपी गेला.

धाकटीने ते पान घेतलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. फिरत्या चाकाच्या तळाशी एक छोटी होडी, म्हणजे एकट्याला बसता येईल असं जुनं यान. त्यात राजा बसलेला. बिनचिलखताचा, मांडीवर हात टाकून. समोर उघडं दार आणि दारापलीकडे काळोख.  काय बसला होता राजा. रेघ मात्र आजाऱ्याची होती, जागोजाग कापलेली, तुटलेली. तिला वाटलं, बिचारा, डाव्या हाताने याहून काय होणार. आणि तिने तेच केलं जे ती इतकी वर्षं करत आली होती. ब्रश भिजवला, श्वास धरला आणि राजाचा खांदा एका दमात ओढला. गोल, घट्ट, देखणा. मग दंड, मग पाठ, मग चेहरा. तिने तोंडाची ओघळलेली कड वर उचलली, मिटत आलेला डोळा उघडला. हात असा कधी चालला नव्हता. शाई वाळल्यावर तिने खोडरबर घेतला आणि पेन्सिलीचं नामोनिशाण ठेवलं नाही.

दादा उठल्यावर तिने पान त्याच्यासमोर धरलं. तिला वाटलं होतं, तो डोळ्यांनी तरी शाबासकी देईल. त्याने पान पाहिलं. खूप वेळ पाहिलं. टकटक केली नाही, उद्या म्हणाला नाही. डाव्या हाताने पांघरूण ओढलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

रात्रीचं जेवण त्याने घेतलं नाही. सकाळी वहिनीने पेज भरवायला चमचा तोंडाशी नेला तर दात घट्ट. दुपारी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि दुसरा झटका आला तर मी काही सांगू शकत नाही. वहिनी दाराशी उभी होती. डॉक्टर गेल्यावर ती धाकटीवर फिरली.

"तू काय केलंस त्यांच्या पानाला?"

"काही नाही वहिनी. शाई फिरवली. नेहमीसारखी."

"मग ते असे का पडलेत? महिनाभर त्या कागदासाठी जेवत होते. तुला कागद दिला आणि जेवण सोडलं."

 आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून त्याच वेळी संपादकाचा फोन आला. आवाज गोड होता पण बोलणं रोखठोक. उद्या सकाळी आठही पानं टेबलावर हवीत, छापखाना थांबवून ठेवलाय. चकचकीतने शेवटचं पान करूनच ठेवलंय, तुमचं आलं नाही तर ते लावतो. दादांना सांगा, राग मानू नका.

ती टेबलाशी येऊन बसली. खरं सांगायचं तर पान तयारच होतं. तेच कागदात गुंडाळून देऊन आली असती तर काम झालं होतं. संपादक खूश झाला असता, अंकावर दादाचं नाव आलं असतं, खोटं पचलं असतं. फक्त दादा भिंतीकडे तोंड करून मेला असता. तिने पान उचलून खिडकीशी नेलं, कुठे काय चुकलं ते शोधायला. उन्हं तिरपी आली होती. पान जरा कललं, आणि तिला दिसलं.

शाईच्या रेघेशेजारी दुसरी रेघ होती. रंग नसलेली. दादाने मुठीत पेन्सिल धरून इतकं दाबलं होतं की खोडरबरने शिसं गेलं तरी कागदात चर राहिला होता. तिरप्या उजेडात तो चर सावलीसारखा उठून दिसत होता. खांद्यावर कापत गेलेला, दंडावर तुटलेला, हातापाशी भूकंप झाल्यासारखा. तिने नजर भिंतीच्या रेघांकडे नेली. त्या सरळ होत्या. पट्टीने, मेलेल्या हाताचं वजन ठेवून, एकही न हलू देता काढलेल्या. म्हणजे ज्या माणसाला सरळ रेघ हवी होती तिथे त्याने ती जिवाचं रान करून सरळ काढली होती. आणि राजाला त्याने पट्टी लावली नव्हती. राजा थरथरत होता, कारण राजा थरथरणाराच होता. सगळं चाक ताठ उभं आणि मधोमध एक माणूस कापतोय, हेच तर पान होतं. आणि धाकटीने त्याचं कापणं दुरुस्त करून टाकलं होतं.

 ती खिडकीखाली फरशीवरच बसली. बाई, तुझ्या हाताला आग लागो, असं ती स्वतःलाच मोठ्याने म्हणाली.

मग उठली, कारण उजेड जाणार होता. तिने ब्लेड घेतलं आणि राजावरची शाई खरवडायला लागली. वाळलेली शाई कागदावरून ब्लेडने काढता येते, पण हलक्या हाताने, कांद्याचं साल काढावं तशी, नाहीतर कागदही जातो. खांदा निघाला. पाठ निघाली. तेवढं झालं की ती पान तिरपं धरायची, चर शोधायची आणि बारीक टाकाने त्यातून शाई न्यायची. इकडे वळलेली तर इकडे, अडखळलेली तर अडखळत. तिचा हात सारखा पुढे धावायचा, सरळ व्हायला बघायचा, आणि ती त्याला ओढून मागे आणायची. आयुष्यात पहिल्यांदा ती दादाच्या मागून चालत होती. आजवर ती त्याच्या पुढे चालून वाट झाडत होती आणि त्यालाच साथ म्हणत होती.

चेहऱ्यापाशी घात झाला. तिथे दादाने पुसून पुसून कागद आधीच विरवला होता. ब्लेडचा हलकासा स्पर्श झाला आणि राजाच्या तोंडाच्या जागी भोक पडलं. तिने मागून नव्या कागदाचा तुकडा चिकटवला, कडा घासून एकसारख्या केल्या. ठिगळ झकास बसलं. पण ठिगळावर चर नव्हता. पांढराफटक, कोरा चेहरा. दादाचा चेहरा तिने स्वतःच्या हाताने आधी सुधारला होता आणि आता फाडला होता.

ती पान घेऊन दादाच्या खोलीत गेली. वहिनी पायाशी बसली होती, थंड झालेल्या पेजेचं भांडं मांडीवर धरून. धाकटीने पलंगाच्या पलीकडे, भिंत आणि पलंग यांच्या फटीत अंग घातलं आणि पान दादाच्या डोळ्यांसमोर धरलं. चुकलं माझं, असं ती म्हणाली. 

दादाचा एक डोळा पानावरून फिरला. मग डावा हात पांघरुणातून बाहेर आला. त्याने तर्जनी राजाच्या खांद्यावर ठेवली आणि कापऱ्या रेघेवरून नेली, खांदा, दंड, हात. बोट आणि रेघ एकाच तालात थरथरत होती. चेहऱ्याच्या कोऱ्या ठिगळावर येऊन बोट थांबलं.

धाकटीने त्याच्या मुठीत पेन्सिल दिली. त्याने प्रयत्न केला. पण उपाशी हातात पेन्सिल टिकेना, दोनदा गळून पडली. तिसऱ्यांदा त्याने ती कागदावर टेकवलीच नाही. उचलून धाकटीच्या हातात कोंबली.

"मला नाही येत रे दादा," ती म्हणाली. "मी कधी राजाचं तोंड काढलंय? तू काढायचास, मी नीट करायचे."

दादाने मान हलवली. मग त्याने जे केलं ते बघून वहिनी उठून उभी राहिली. डाव्या कोपरावर जोर देऊन तो उशीवर वर सरकला आणि आपलं तोंड खिडकीकडे वळवलं. चांगली बाजू नव्हे, दुसरी. आजारी पडल्यापासून त्याच्या त्या बाजूकडे कुणी नीट बघितलं नव्हतं. वहिनी भरवायला डावीकडूनच बसायची. धाकटी पान दाखवायची ती डावीकडे उभी राहून. डॉक्टरसुद्धा बोलताना नाकाच्या शेंड्याकडे बघायचे. कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांचं एकमत होतं. आता तो ती बाजू उजेडात धरून थांबला होता.

"उद्या," तो म्हणाला, आणि ते चालू कर असं होतं हे दोघींनाही कळलं.

धाकटी बघू लागली. गाल उशीच्या खोळीसारखा लोंबत होता. ओठाचा कोपरा खाली गेलेला, तिथे ओल. पापणी अर्धी पडलेली आणि तिच्याखाली डोळा जागा. तो डोळा घाबरलेला होता. हे तिला आजवर दिसलंच नव्हतं. चांगल्या बाजूचा दादा चिडका होता, हट्टी होता, टकटक करत होता. या बाजूचा दादा रात्रंदिवस घाबरून बसलेला होता आणि त्याच्याशी घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं. तिचे डोळे वाहायला लागले, पण नाक पुसायलाही ती थांबली नाही. जसं होतं तसं काढलं. ओठ वर उचलला नाही. पापणी उघडली नाही. रेघ कापत होती आणि ती मुद्दाम कापवलेली नव्हती, तिचा हातच कापत होता.

काढून झाल्यावर तिने पान दादाला दाखवलं. त्याने राजाचा चेहरा पाहिला, मग वहिनीकडे बघून पेजेच्या भांड्याकडे मान हलवली. वहिनी घाईघाईने गरम करायला निघाली तर त्याने तिचा पदर धरला. थंडच दे, असं असावं. ती यावेळी उजवीकडे बसली आणि चार चमचे त्याच्या पोटात गेले, निम्मे हनुवटीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी प्रकाशनाच्या कचेरीत संपादकासमोर बसली. खालच्या मजल्यावर छापखाना होता, यंत्रांची घरघर टेबलाच्या पायांतून जाणवत होती. संपादकाने सात पानं भराभर उलटली, मान डोलावली, वा म्हणाला. आठव्यावर थांबला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

शेजारीच चकचकीतचं पान पडलं होतं. त्यातला राजा चांदीचा होता.

संपादक म्हणाला, ताई, दादांचं मनगट अजून दुखतंय वाटतं, रेघ हललीये. पण ते एक वेळ चालेल, त्यातही मजा आहे, काहीतरी नवीन केलंय म्हणू. तोंडाचं मात्र बघायला हवं. एका बाजूला घसरलंय, डोळाही गेलाय. लोक इतकी वर्षं राजाची वाट बघतायत आणि आपण त्यांना हे दाखवायचं? त्याने खणातून ब्रश आणि शाईची बाटली काढून तिच्यापुढे ठेवली.

"इथेच बसा आणि तेवढं सरळ करून द्या. तुमच्या हाताला पाच मिनिटांचं काम."

काम खरंच पाच मिनिटांचं होतं. कुठली रेघ वर घ्यायची, पापणी कुठे उघडायची, तिला सगळं दिसत होतं, डोळे मिटूनही जमलं असतं. तिने ब्रश उचलला. ओठाच्या कोपऱ्यावर नेला. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं, आणि सांगितलं की गेलं सगळं. महिनाभराचं खोटं उघडं पडणार, चांदीचा राजा छापखान्यात जाणार आणि दादाला घरी जाऊन तिनेच ते सांगायचं. संपादक घड्याळाकडे बघत होता. तिने ब्रश खाली ठेवला.

"ते सरळ होणार नाही, साहेब," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आता असंच राहणार."

संपादकाला आधी काही कळलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, मग पानाकडे. ते तोंड त्याने शेकडो वेळा या टेबलाच्या पलीकडे हसताना पाहिलं होतं, आणि ते त्याला आत्ता ओळखू आलं. त्याचा हात हळूच पानावरून मागे गेला.

"मनगट म्हणाला होतात तुम्ही."

"खोटं बोलले."

"बोलतात का?"

"नाही. हातही गेला. राजा त्यांनी डाव्याने काढलाय. तोंड मी काढलं, त्यांच्याकडे बघून."

 खालून कुणीतरी पानं आली का म्हणून विचारायला वर आलं, त्याला संपादकाने हातानेच थांबवलं. मग उठला. चकचकीतचं पान त्याने खणात टाकलं, आठवं पान बाकीच्या सातांखाली सरळ लावलं आणि गठ्ठा शिपायाकडे न देता स्वतःच उचलून जिन्याकडे गेला. दारात थबकून म्हणाला, संध्याकाळी मी घरी येतो. ते रंगकाम वगैरे काही सांगू नका.

धाकटी एकटीच बसून राहिली. काम झालं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता आणि तिला हुंदका आवरत नव्हता. दादाचं तोंड सरळ होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून महिना झाला होता, पण घरात आजवर कुणी ते तोंडाने म्हटलं नव्हतं. ती आज पहिल्यांदा म्हणाली होती. खाली यंत्राचा आवाज बदलला, आणि आता ते तोंड छापून घरोघर जाणार होतं.